खिळा गंजका नव्हता, मग इंजेक्शन कशाला? धनुर्वाताची गोष्ट



आवणीच्या दिवसांत आमच्या दवाखान्यात पायाच्या जखमा जास्त येतात. चिखळणी करताना काटा रुततो, विळा लागतो, बांधावरच्या कुंपणाची काडी तळव्यात शिरते. या पावसाळ्यात आगरचा एक तरुण शेतकरी असाच लंगडत आला. बांबूची जाड सळी तळव्यात शिरून आतच मोडली होती. तीन दिवस त्याने पाय फडक्यात गुंडाळून काम केलं होतं. सोबत त्याची आजी होती.

जखम उघडून सळी काढली, आतला चिखल धुतला आणि धनुर्वाताची लस घ्यावी लागेल असं सांगितलं. तो म्हणाला, "डॉक्टर, खिळा नव्हता. गंज पण नव्हता. बांबूच होता. मग इंजेक्शन कशाला?"

प्रश्न अगदी स्वाभाविक आहे. आठवड्यातून एकदा तरी तो मला कुणीतरी विचारतं. उलट बाजूही आहे. भाजी चिरताना बोटाला जरासं खरचटलं की काही जण दर दोन महिन्यांनी इंजेक्शन घ्यायला येतात. दोन्ही चुकांचं मूळ एकच: धनुर्वात कशाने होतो हे आपल्याला नीट कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून आज या आजाराच्या शोधाची गोष्ट सांगतो. तिचा बराचसा भाग आपल्याच मुंबईत, परळला घडला आहे.

नाव जुनं, कारण अज्ञात

धनुर्वात हे नावच आजाराचं चित्र आहे. पाठीचे स्नायू इतके ताठरतात की रुग्णाचं शरीर धनुष्यासारखं मागे वाकतं. सुश्रुतसंहितेत 'धनुःस्तंभ' या नावाने याचं वर्णन आहे. त्याच ग्रंथात असंही नोंदवलेलं आहे की जखमेनंतर, गर्भपातानंतर किंवा फार रक्तस्राव झाल्यावर येणारे असे झटके बरे होत नाहीत. जंतू हा शब्दही नसलेल्या काळात या वैद्यांनी जखम आणि गर्भपात यांचा झटक्यांशी असलेला संबंध पाहिला होता, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या लिखाणातही बोट चेंगरल्यानंतर जबडा आवळून मेलेल्या एका जहाजाच्या तांडेलाची हकीकत आहे.

पण कारण कळायला १८८४ साल उजाडावं लागलं. त्या वर्षी इटलीत तुरीन इथे कार्ले आणि रात्तोने यांनी धनुर्वाताच्या रुग्णाच्या जखमेतला पू सशांना टोचला आणि सशांना धनुर्वात झाला. म्हणजे आजार जखमेतून येतो हे सिद्ध झालं. त्याच वर्षी जर्मनीत आर्थर निकोलायर या तरुण डॉक्टरने आणखी साधा प्रयोग केला. त्याने बागेतली माती प्राण्यांच्या कातडीखाली घातली. त्यांनाही धनुर्वात झाला. पू नको, रुग्ण नको, गंजका खिळाही नको. नुसती माती पुरली.

आमच्या तरुण शेतकऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर एवढ्यातच आहे. गंज निरुपद्रवी आहे. गंजका खिळा धोकादायक असतो तो मातीत पडलेला असतो म्हणून, आणि तो खोल, अरुंद भोक पाडतो म्हणून. मातीने माखलेली बांबूची सळी तेच करते, शिवाय आत मोडून राहते.

हवा नको असलेला जंतू

निकोलायरला जंतू दिसला, पण तो वेगळा वाढवता येईना. ते काम १८८९ साली बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत किटासाटो शिबासाबुरो या जपानी डॉक्टरने केलं. त्याने पुवातल्या मिश्र जंतूंना ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं. बाकीचे जंतू मेले, धनुर्वाताचे उरले. मग त्यांना हवेऐवजी हायड्रोजन वायूत वाढवलं.

या प्रयोगातून दोन गोष्टी कळल्या आणि त्या दोन्ही घरात उपयोगी आहेत.

पहिली: या जंतूला प्राणवायू चालत नाही. म्हणून उघड्या, वाहत्या, नीट धुतलेल्या जखमेत त्याला वाढायला जागा मिळत नाही. जिथे मेलेलं मांस आहे, आत माती किंवा काडी अडकली आहे, तोंड बुजलं आहे, तिथे तो वाढतो.

दुसरी: प्रतिकूल परिस्थितीत हा जंतू स्वतःभोवती कवच तयार करून बीजासारखा झोपून राहतो. याला बीजाणू म्हणतात. हे बीजाणू मातीत वर्षानुवर्षं टिकतात. गाई-गुरांच्या, घोड्यांच्या आतड्यांतही ते असतात, म्हणून शेणात सापडतात. साध्या उकळत्या पाण्यात ते खात्रीने मरत नाहीत. दवाखान्यात हत्यारं प्रेशर कुकरसारख्या यंत्रात १२१ अंशांवर वाफवतात ती याचसाठी. चुलीवरच्या पाण्यात उकळलेला विळा किंवा ब्लेड या जंतूच्या बाबतीत सुरक्षित समजू नये.

आता आपल्या भागाकडे पाहा. राब भाजण्यासाठी शेण आणि पालापाचोळा, चिकूच्या झाडाला शेणखत, सारवलेलं अंगण, अनवाणी पाय. शेती आहे तिथे हे बीजाणू असणारच. ते नष्ट करता येत नाहीत.

विषाचा प्रवास

डॉक्टरांना एक कोडं पडलं होतं. जंतू तर जखमेतच राहतात, रक्तात पसरत नाहीत. मग जखम पायाला आणि आवळतो जबडा, हे कसं? १८९० साली डेन्मार्कच्या क्नूड फाबरने दाखवलं की जंतू गाळून काढले आणि उरलेलं पाणी टोचलं, तरी प्राण्याला धनुर्वात होतो. म्हणजे मारतो तो जंतू नव्हे, त्याने बनवलेलं विष.

हे विष जखमेजवळच्या नसांत शिरतं आणि नसांच्या आतून मज्जारज्जूपर्यंत चढत जातं. आपल्या स्नायूंना 'आवळ' असा हुकूम जसा असतो तसा 'पुरे, आता सैल हो' असाही हुकूम असतो. विष हा दुसरा हुकूम बंद पाडतं. गाडीचा ब्रेक निकामी व्हावा तसं होतं. स्नायू आवळतात आणि सुटत नाहीत. जबडा हलवणाऱ्या नसा लांबीला कमी, म्हणून बहुधा तोंड आधी बंद होतं. मग गिळता येत नाही, मान आणि पोट ताठरतं, आणि आवाज, उजेड, नुसता स्पर्श झाला तरी झटका येतो. या सगळ्यात रुग्ण पूर्ण शुद्धीवर असतो. त्याला प्रत्येक झटका कळतो.

मी मुंबईत शिकत असताना धनुर्वाताचा रुग्ण पाहिला. खोलीत अंधार, दाराला जाड पडदा, परिचारिका अनवाणी चालायची. कुणाच्या हातून स्टीलचं भांडं पडलं आणि तो रुग्ण कमानीसारखा वाकला. त्याचे डोळे उघडे होते. ते दृश्य तीस वर्षांनंतरही विसरलेलो नाही.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. हे विष इतकं जहाल आहे की माणूस आजारी पाडायला लागणारी मात्रा शरीराच्या संरक्षक यंत्रणेला जागं करायलासुद्धा पुरत नाही. त्यामुळे एकदा धनुर्वात होऊन वाचलेल्या माणसालाही पुन्हा होऊ शकतो. त्यालाही लस घ्यावीच लागते.

परळची बाटली

आता परळकडे वळू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली. तिथून देशभर लस जाऊ लागली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल नावाच्या गावात १०७ जणांना ही लस टोचली. एकूण पाच बाटल्या वापरल्या. त्यातल्या '५३-एन' क्रमांकाच्या बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच्या सगळे दगावले. बाकीच्या ८८ जणांना काहीही झालं नाही.

एकच बाटली. प्रश्न असा की धनुर्वाताचे बीजाणू त्या बाटलीत शिरले कुठे, परळला की मलकोवालला? चौकशी समितीने ठपका परळवर ठेवला. हाफकिन यांना पद सोडावं लागलं, ते भारतातून गेले. लसीवरचा लोकांचा विश्वास डळमळला, आणि त्या काळात प्लेगने माणसं तर हजारोंनी मरत होती.

पण पुरावा नीट वाचला तर वेगळंच दिसत होतं. बाटलीचं बूच काढताना तिथल्या मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. त्याने तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता हलवला आणि पुन्हा वापरला. कार्बोलिकमध्ये क्षणभर बुडवून या जंतूचे बीजाणू मरत नाहीत. शिवाय बाटली उघडणाऱ्या डॉक्टरने तिचा वास घेतला होता, दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत कित्येक आठवडे वाढले असते तर घाण वास सुटलाच असता. लक्षणं दिसायलाही जवळपास आठवडा लागला होता. विष आधीच तयार असतं तर ती याहून लवकर दिसली असती. म्हणजे बीजाणू त्याच दिवशी, त्याच जमिनीवरून आले होते.

मलेरियाचा डास शोधणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू उचलून धरली. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांच्यासह दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र आलं आणि हाफकिन निर्दोष ठरले. ते भारतात परतले, पण परळला नव्हे, कलकत्त्याला. १९२५ साली परळच्या त्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव मिळालं. आज आपण तिला हाफकिन संस्था म्हणतो.

ही गोष्ट मी रुग्णांना मुद्दाम सांगतो. सुई टोचल्यानंतर कुणाला काही झालं की "लसच वाईट" असं गावभर होतं. मलकोवालमध्ये १९ घरं उजाडली, ते दुःख खरं होतं आणि त्याची चौकशी व्हायलाच हवी होती. पण दोष लसीचा नव्हता, जमिनीवर पडलेल्या चिमट्याचा होता. म्हणून माझं सांगणं असं की लस घ्या, आणि सुई नवी आहे, समोर पाकीट फोडलं आहे हेही पाहा. डॉक्टरला विचारायला संकोच करू नका.

घोड्याच्या रक्तापासून लसीपर्यंत

विष कळलं तसा उताराही सापडला. डिसेंबर १८९० मध्ये बेरिंग आणि किटासाटो यांनी दाखवलं की प्राण्याला थोडं थोडं विष दिलं तर त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होतं, आणि ते दुसऱ्याला देता येतं. पुढे यासाठी घोडे वापरले जाऊ लागले. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना हे प्रतिविष दिल्यावर धनुर्वाताचं प्रमाण झपाट्याने घसरलं. जुनी माणसं ज्याला एटीएस म्हणतात ते हेच. आपल्याकडेही ते बनू लागलं. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटचं पहिलं उत्पादनही धनुर्वाताचं प्रतिविषच होतं. घोड्याच्या रक्तापासून बनलेलं असल्यामुळे काहींना त्याची तीव्र ॲलर्जी यायची, म्हणून आता शक्यतो मानवी रक्तापासून बनवलेलं प्रतिविष वापरतात.

प्रतिविष म्हणजे उसनं संरक्षण, काही आठवड्यांपुरतं. स्वतःचं टिकाऊ संरक्षण देणारी लस १९२० च्या दशकात फ्रान्समध्ये तयार झाली. फॉर्मेलिनने विषाची नांगी मोडायची, पण ओळख कायम ठेवायची, अशी ती युक्ती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याने प्रत्येक सैनिकाला ही लस दिली. सुमारे २७ लाख जखमींमध्ये धनुर्वाताचे फक्त १२ रुग्ण सापडले.

के.ई.एम.चे खाटांचे हिशेब

आपल्याकडे मात्र लस सगळ्यांपर्यंत पोचायला वेळ लागला. तोवर मुंबईच्या रुग्णालयांत धनुर्वाताचे रुग्ण भरून असायचे. परळच्याच के.ई.एम. रुग्णालयात डॉ. जे. सी. पटेल यांनी या रुग्णांची काटेकोर नोंद ठेवली. १९५९ साली त्यांनी आणि डॉ. जोग यांनी एक साधी मोजपट्टी मांडली. जबडा आवळला आहे का, झटके येतात का, जखमेपासून लक्षणं सात दिवसांच्या आत आली का, पहिल्या लक्षणापासून झटका ४८ तासांच्या आत आला का, आणि ताप आहे का. पाच प्रश्न. जितकी उत्तरं 'हो', तितका धोका जास्त. महागडी कुठलीही तपासणी न करता खाटेजवळ उभं राहून रुग्णाचं भवितव्य ताडता येतं. धनुर्वातावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद १९६३ साली मुंबईत भरली, यात नवल नाही. पुढे १९९९ साली डॉ. पटेल आणि डॉ. मेहता यांनी ८,६९७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला.

मुंबईतच डॉ. फारुख उडवाडिया यांनी अतिदक्षता विभागात या रुग्णांवर उपचार करून १९८७ मध्ये १५० रुग्णांचा अनुभव मांडला. श्वासनलिकेला छिद्र, कृत्रिम श्वास, चोवीस तास देखरेख यांमुळे मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आणता येतं, असं त्यांनी दाखवलं. मोठं यश होतं ते. पण हिशेब बघा: कित्येक आठवडे अतिदक्षता विभाग, तरीही शंभरातले बारा जातात. लसीचा डोस सरकारी दवाखान्यात फुकट मिळतो.

पाचवीची रात्र

सगळ्यात जास्त बळी गेले ते मात्र रुग्णालयात पोचलेच नाहीत. ती होती नवजात बाळं. नाळ कापायला मळकं हत्यार, वर शेण किंवा राख, आणि आईला लस नाही. बाळ जन्मतं धडधाकट, दोन दिवस छान दूध ओढतं. मग तिसऱ्या दिवसानंतर कधीतरी तोंड उघडेनासं होतं, अंग ताठरतं. पाचवी-सहावीच्या रात्रीबद्दल आपल्याकडे जी भीती आहे, सटवाईची पूजा आहे, तिच्यामागे या आजाराचाही वाटा असावा असं मला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार १९८८ या एका वर्षात जगभरात ७ लाख ८७ हजार बाळं अशी गेली.

भारतात १९७८ मध्ये लसीकरण कार्यक्रम सुरू झाला, १९८५ पासून तो सार्वत्रिक केला गेला. गरोदर आईला लस दिली की तिचं संरक्षण वारेतून बाळाला मिळतं. रुग्णालयात बाळंतपणं वाढली, नाळेसाठी नवं ब्लेड आलं, आशाताई पाड्यापाड्यांवर पोचल्या. २०१५ साली भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं दूरीकरण झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे प्रत्येक जिल्ह्यात हजार जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण. आजार संपला असा याचा अर्थ नाही. जंतू मातीत आहेच.

हे सगळं मी त्या तरुणाला थोडक्यात सांगत होतो तेव्हा आजी गप्प बसून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "माझी दोन पोरं अशीच गेली. दूध सुटलं आणि गेली. लोक म्हणाले, बाहेरचं काहीतरी लागलं." मग थोडं थांबून, "मीच काहीतरी चुकले असं वाटत राहिलं."

मी तिला सांगितलं, आजी, चूक तुमची नव्हती. तुमच्यापर्यंत लस पोचली नव्हती, आणि नाळेवर काय लावू नये हे सांगणारं कुणी नव्हतं. पन्नास वर्षांनी सांगून काय उपयोग, असं वाचकांना वाटेल. पण तिने डोळे पुसले आणि नातवाला म्हणाली, "घे रे इंजेक्शन."

मग मी विचारलं, "आजी, तुम्ही कधी घेतलंय?" तिने मान हलवली. गवत कापायला, शेण गोळा करायला ती रोज जाते. तिलाही त्याच दिवशी पहिला डोस दिला.

थोडक्यात लक्षात ठेवा

• धनुर्वात एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, मातीतून होतो. म्हणून "गावात सगळ्यांनी घेतलीय, मला नको" हे इथे चालत नाही. ज्याने लस घेतली, तोच सुरक्षित.

• बाळाचे डोस दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना, मग दीड वर्षाच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांना बूस्टर. नंतर १० आणि १६ व्या वर्षी टीडी. आता टीटीच्या जागी टीडी मिळते, त्यात घटसर्पापासूनही संरक्षण आहे.

• गरोदरपण कळताच टीडीचा पहिला डोस, चार आठवड्यांनी दुसरा. मागच्या तीन वर्षांतल्या बाळंतपणात दोन्ही डोस झाले असतील तर एक बूस्टर पुरतो.

• मोठ्यांनी दर दहा वर्षांनी बूस्टर घ्यावा. लहानपणी लस मिळालेली नसेल तर पूर्ण कोर्स करावा. घरातल्या आजी-आजोबांना आजच विचारा.

• जखम झाली की आधी भरपूर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. शेण, माती, राख, चुना लावू नका. आत काही अडकलं असेल तर घरी उकरू नका.

• खोल किंवा मातीने माखलेली जखम असेल आणि शेवटचा डोस पाच वर्षांपूर्वीचा असेल, तर बूस्टर लागतो. किरकोळ स्वच्छ जखमेला दहा वर्षांपर्यंत लागत नाही. आधीचे डोस झाले की नाही हेच माहीत नसेल, तर खोल जखमेला लसीबरोबर प्रतिविषही लागू शकतं.

• दर खरचटण्याला इंजेक्शन नको. कधी घेतलं ती तारीख कागदावर लिहून ठेवा किंवा मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

• जखमेनंतर काही दिवसांनी तोंड उघडायला त्रास, मान ताठ, गिळताना अडचण वाटली तर वाट पाहू नका. भगताकडे वेळ घालवू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा. जखम बरी झालेली असली तरी धनुर्वात होऊ शकतो.

तरुणाचा पाय दहा दिवसांत भरला. आजी महिन्याने दुसऱ्या डोससाठी स्वतःहून आली, शेजारच्या दोघींना घेऊन.